गाळ उपसण्याआधी मोजायला हवा

गेल्या मे महिन्यात आमच्या शिवारातल्या पाझर तलावात पोकलेन उतरलं. हा तलाव 1972 च्या दुष्काळातला. सुकडी खाऊन, मिलोच्या भाकरीवर दिवस काढून ज्यांनी त्याच्या भरावावर मातीच्या पाट्या टाकल्या, त्यांतली तिघं-चौघं गावात अजून आहेत. त्यांतले तात्या रोज सकाळी काठी टेकत तलावाच्या पोटात येऊन बसायचे. दुसऱ्या दिवशी पोकलेननं गाळात सात-आठ फुटांचा उभा काप घेतला आणि घडी घातलेल्या लुगड्यांची चळत दिसावी तसे थर उघडे पडले. वर भेगाळलेला काळा चिकण थर, खाली बोटभर रेतीची पट्टी, परत चिकण, परत रेती, मधेच एक तांबूस मुरमाड पट्टी. तात्या उठून जवळ गेले आणि एका जाड पट्टीवर अंगठा ठेवून म्हणाले, “ही रेती बघ. वाडीकडचा फरशी पूल वाहून गेला ना, त्या सालची असणार ही.” मी टेप आणायला घरी पळालो. परत येईपर्यंत तो काप ट्रॉलीत भरून गेला होता.

पंधरा दिवसांत तलाव मोकळा झाला. किती खेपा गेल्या याची वहीत नोंद झाली, कारण डिझेलचा आणि भाड्याचा हिशेब त्यावर होता. गाळ किती वर्षांत साठला, किती क्षेत्रावरून आला, त्यात शेतातली माती किती आणि ओढ्याच्या काठाची किती, याबद्दल एक ओळही कुठं लिहिली गेली नाही. पन्नास वर्षं त्या तलावानं जे धरून ठेवलं होतं ते कुणी न बघताच रानात पसरलं. रानात गेलं याचं मला वाईट वाटत नाही, गाळ रानात जायलाच हवा. तो मोजला नाही याचं वाटतं. पाणलोटाच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली आणि त्यातून माझं मत पक्कं झालंय: महाराष्ट्रात जमिनीची धूप मोजण्याच्या साखळीतली मधली कडी तुटलेली आहे, हे छोटे तलाव ती कडी जोडू शकतात, आणि आपण दर उन्हाळ्यात ते न मोजता उपसतो आहोत.

धूप मोजायला इतकी अवघड का, हे आधी बघू. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला म्हणजे दहा घनमीटर माती गेली. वजनात धरली तर बारा ते चौदा टन. ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो, पण रानात उभं राहून एक मिलिमीटर दिसत नाही. एका मशागतीत जमीन त्याच्या कितीतरी पट वरखाली होते. शास्त्रज्ञ यासाठी जमिनीत लोखंडी खिळे रोवतात आणि खिळा किती उघडा पडला ते बघतात. माळरानावर, ओघळीच्या काठावर ही युक्ती चालते. पण आपल्या भारी काळ्या जमिनीत? ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिचा पृष्ठभाग वर्षभरात काही सेंटिमीटर वरखाली होत राहतो. जी जमीन स्वतःच सेंटिमीटरनं हलते तिच्यातला मिलिमीटरचा तोटा खिळ्यावर कसा वाचणार? मराठवाडा, सोलापूर, विदर्भाच्या मोठ्या भागात ही अडचण आहे.

शेतकरी धूप ओळखतो, पण वेगळ्या खुणांनी. बांधावरच्या लिंबाची मुळं उघडी पडलेली असतात. वरच्या बाजूनं बांध गुडघ्याएवढा आणि खालच्या बाजूनं कमरेएवढा दिसतो. बापाच्या वेळी कुळवाची फास जिथं मऊ चालायची तिथं आता मुरमाला खरवडते. या खुणा खऱ्या आहेत आणि मी त्यांना कमी लेखत नाही. पण त्या एका पिढीचा हिशेब एकदम सांगतात. यंदा बांधबंदिस्ती केली तिचा उपयोग झाला का, हे त्यांना विचारून कळत नाही.

म्हणून मग वाफे आले. 1930 च्या दशकात सोलापूरला कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी केंद्र उभं राहिलं आणि तिथं पावसाचं किती पाणी वाहून जातं, त्याबरोबर किती माती जाते, हे आखीव वाफ्यांवर मोजायला सुरुवात झाली. पद्धत अजूनही तीच आहे. उताराचा तुकडा पत्र्यानं किंवा विटांनी चहूबाजूंनी बंद करायचा, खालच्या टोकाला टाकी ठेवायची, प्रत्येक पावसानंतर टाकीतलं गढूळ पाणी ढवळून नमुना घ्यायचा, माती वाळवून तोलायची. कष्टाचं, चिकाटीचं काम आहे. सोलापूर भागातली एक गोष्ट अशा मोजणीत ठळक दिसते. भारी जमिनीवर रब्बीची ज्वारी घ्यायची म्हणजे जून ते सप्टेंबर रान मोकळं ठेवायचं, आणि पावसाचा मोठा मारा नेमका त्याच महिन्यांत होतो. मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या रानात तो मातीचे कण हातभर दूर उडवतो, जमिनीची छिद्रं बुजवतो, आणि मग पाणी मुरण्याऐवजी वाहायला लागतं. हे सगळं वाफ्यावर नीट मोजता येतं.

अमेरिकेत अशाच वाफ्यांवरची दहा हजारांहून जास्त वाफा-वर्षांची (एका वाफ्याची एक वर्षाची मोजणी म्हणजे एक वाफा-वर्ष) माहिती एकत्र करून विशमायर आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी 1965 साली धुपीचं सार्वत्रिक समीकरण मांडलं आणि 1978 साली ते सुधारलं. पावसाची ताकद, मातीचा स्वभाव, उताराची लांबी आणि तीव्रता, पीक, आणि संधारणाची कामं, यांचे आकडे एकमेकांना गुणले की हेक्टरी टन मिळतात. समीकरणातला प्रमाण वाफा 22.13 मीटर लांब आणि 9 टक्के उताराचा आहे. 22.13 हा विचित्र आकडा आला कुठून? तिथले जुने वाफे सहा फूट रुंद असायचे आणि एकराचा बरोबर शंभरावा भाग भरावा म्हणून ते 72.6 फूट लांब आखले जायचे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आज महाराष्ट्रात कुठल्याही पाणलोट आराखड्यात धुपीचा जो रंगीत नकाशा असतो, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हा सहा फुटी वाफा असतो.

वाफा खोटं बोलत नाही. तो फक्त स्वतःपुरतं बोलतो. बावीस मीटरच्या तुकड्यात ओघळ वाढून घळ होत नाही, ओढ्याचा काठ ढासळत नाही, बैलगाडीची चाकोरी पाण्याची वाट बनत नाही. त्याचबरोबर उतारावरून निघालेली माती खालच्या बांधाला अडून बसते, तेही वाफ्यात दिसत नाही. म्हणजे काही धूप तो धरतच नाही, आणि जी धरतो ती पुढं कुठं गेली हे सांगत नाही. विशमायर यांनी स्वतः 1976 साली या समीकरणाच्या चुकीच्या वापराबद्दल सावध केलं होतं. तरीही वाफ्याचा आकडा क्षेत्रफळानं गुणून तालुक्याची, जिल्ह्याची, राज्याची धूप काढायची सवय आपल्याला लागली आहे.

देशपातळीवर सगळ्यांत जास्त फिरलेला आकडा घ्या. ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी 1983 साली अंदाज मांडला की भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी 16.35 टन माती हलते, एकूण 533 कोटी टनांच्या वर. एकरी धरलं तर साडेसहा टन, म्हणजे ट्रॅक्टरच्या दोनेक ट्रॉल्या. हा आकडा अहवालांत, भाषणांत, पाठ्यपुस्तकांत चाळीस वर्षं फिरतोय. पण त्याच अंदाजाचा दुसरा भाग क्वचित कुणी सांगतं. या मातीपैकी सुमारे 29 टक्के समुद्रात जाते, 10 टक्के जलाशयांत साठते, आणि 61 टक्के एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसते. साठ टक्क्यांहून जास्त माती देशातच, बहुधा त्याच शिवारात किंवा त्याच खोऱ्यात, जागा बदलते! ज्याच्या रानातून गेली त्याचं नुकसान पुरेपूर झालं. पण ती नाहीशी झालेली नाही. ती बसली कुठं? हे माहीत नसेल तर पुढचं काम अंधारात होतं.

आता साखळीचं दुसरं टोक बघा. नदी. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावून बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तिच्या गाळाच्या नोंदी खाली आंध्रात अनेक वर्षं ठेवल्या गेल्या आहेत. 1970 च्या दशकात ती वर्षाला सरासरी 15 कोटी टनांच्या आसपास तरंगता गाळ नेत होती. 1990 च्या दशकात तो 6 कोटी टनांच्या आत आला. फक्त मुखाशी बसून वही बघणारा म्हणेल की खोऱ्यातली धूप निम्म्याहून कमी झाली, शेतकऱ्यांनी आणि सरकारनं मोठं काम केलं. प्रत्यक्षात या काळात खोऱ्यात धरणं झाली आणि गाळ त्यांच्या पोटात राहिला. एकट्या जायकवाडीची पूर्ण साठवण 2909 दशलक्ष घनमीटरची आहे आणि ती 1976 पासून गाळ धरते आहे. मुखाशी त्रिभुज प्रदेशाला गाळ कमी पडला, किनारा खचू लागला, आणि वर शेतातली धूप तशीच चालू राहिली असू शकते. नदीच्या आकड्यावरून शेताबद्दल काही म्हणता येत नाही.

याचा सगळ्यांत चांगला अभ्यास माझ्या माहितीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात झाला. कून क्रीक नावाच्या 360 चौरस किलोमीटरच्या लहानशा खोऱ्यात 1933 साली तिथलं मृद्संधारणाचं पहिलं सरकारी प्रात्यक्षिक सुरू झालं होतं. स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलतज्ज्ञानं जुन्या मोजणीच्या रेषांवर परत जाऊन, दरीत जागोजागी छेद घेऊन 1853 पासूनचा मातीचा जमाखर्च मांडला. कुठून निघाली, कुठं बसली, किती बाहेर गेली. 1999 साली त्यानं पुढचा हिशेब प्रसिद्ध केला तेव्हा चित्र असं होतं: शेतांवरची धूप एका काळात भयंकर वाढली, नंतर संधारणामुळं खूप कमी झाली, दरीत गाळ साठण्याचा वेग कित्येक पटींनी घटला, आणि या सगळ्या काळात खोऱ्याच्या तोंडातून मिसिसिपीला जाणारा गाळ जवळजवळ तेवढाच राहिला. तोंडाशी मोजणाऱ्याला दीडशे वर्षांत काही घडलंच नाही असं वाटलं असतं. वर लोकांच्या जमिनी उद्ध्वस्त झाल्या होत्या आणि सावरल्याही होत्या.

आपल्याकडं हीच स्थिती आहे. एका टोकाला कृषी विद्यापीठांच्या आणि संशोधन केंद्रांच्या प्रक्षेत्रावरचे वाफे, दुसऱ्या टोकाला मोठी धरणं आणि नद्यांवरची मोजणी केंद्रं. मधे, म्हणजे शंभर-दोनशे हेक्टरांपासून दोन-चार हजार हेक्टरांपर्यंत, जिथं गाव राहतं, जिथं बांध पडतात, समतल चर खणले जातात, नाल्याचं खोलीकरण होतं, तिथं मोजणी अगदी तुरळक आहे. पाणलोट विकासाचा सगळा पैसा याच पातळीवर खर्च होतो आणि याच पातळीवरची धूप आपल्याला माहीत नाही. किती बंधारे झाले, किती मीटर चर झाले, किती टीसीएम (हजार घनमीटर) पाणी अडलं, हे आपण मोजतो. माती किती थांबली हे मोजत नाही. मृद् व जलसंधारण म्हणतो त्यातली मृद् हिशेबात येतच नाही, हे मला या क्षेत्रातलं सगळ्यांत मोठं अपयश वाटतं.

ओढ्यावर मोजायला काय अडतं? आम्ही एकदा प्रयत्न केला होता. पुलाच्या मोरीवर रंगानं पट्ट्या मारल्या, गावातल्या दोन पोरांना बाटल्या दिल्या, पाणी वाढलं की नमुना भरायचा. पहिल्या पावसाळ्यात चाळीसेक बाटल्या भरल्या. सगळ्या दिवसाच्या, सगळ्या साध्या पुराच्या. वर्षातला सगळ्यांत मोठा लोंढा रात्री दीडला आला, पहाटे चारपर्यंत ओसरला, आणि सकाळी पोरं पोहोचली तेव्हा ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं. आमच्या भागातला ओढा असाच आहे. वर्षभरात जी माती जाते तिचा मोठा हिस्सा दोन-तीन पावसांत जातो. ते दोन-तीन लोंढे हुकले तर बाकी वही भरलेली असून उपयोग नाही. स्वयंचलित यंत्रं आहेत, पण ती प्रत्येक ओढ्यावर बसवायची, सांभाळायची, चोरीपासून वाचवायची, हे आजच्या घडीला होण्यासारखं नाही.

तलाव मात्र रात्री दीडला जागा असतो. लोंढा आला की पाणी त्याच्या पोटात थबकतं, रेती आधी बसते, चिकण माती मागून सावकाश बसते. त्या चळतीतली रेती-चिकण-रेती ही लय त्यातूनच येते. 1972 च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर राज्यभर पाझर तलाव, गावतलाव, माती नाला बांध झाले. त्याहून जुने तलाव विदर्भात आहेत, भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव. कुणी ठरवून मांडलं नाही, पण माती मोजण्याचं हे एवढं मोठं जाळं आपोआप उभं राहिलं आहे. वाफ्याहून कितीतरी मोठं क्षेत्र, नदीहून कितीतरी लहान. बरोबर मधली कडी.

हिशेब किती सोपा आहे ते बघा. समजा, एका तलावाचं पाणलोट क्षेत्र 300 हेक्टर आहे आणि पन्नास वर्षांत त्यात एक लाख घनमीटर गाळ बसला. वाळलेल्या गाळाचं वजन घनमीटरला 1.2 टन धरलं तर एक लाख वीस हजार टन. भागिले 300, भागिले 50. हेक्टरी वर्षाला 8 टन. सांडव्यावरून जो बारीक गाळ निघून गेला तो यात नाही, म्हणून हा आकडा कमीत कमी एवढा असं म्हणायचं. यासाठी लागतं काय? तलावाचा मूळ आराखडा, जो संबंधित कार्यालयाच्या दप्तरात असतो किंवा असायला हवा. तळाची आजची लेव्हल, जी एक सर्वेअर एका दिवसात घेतो. चार-पाच ठिकाणी गाळाखालच्या मूळ जमिनीपर्यंत घेतलेली भोकं. आणि ठरावीक मापाच्या डब्यात घेतलेले, वाळवून तोललेले काही नमुने. दोन दिवसांचं काम आहे. पोकलेनच्या एका दिवसाच्या डिझेलपुढं त्याचा खर्च फार नाही.

पण मी इथंच थांबलो तर मीही तीच चूक करीन जी वाफेवाले करतात, एका पातळीचा आकडा घेऊन सगळं कळलं असं समजण्याची. तलावाशी 8 टन आले, ते कसे आले? एक शक्यता अशी की शेतांतून 20 टन निघाले आणि 12 टन वाटेत बांधांना, गवताला, सखल जागांना अडले. दुसरी शक्यता अशी की शेतांतून 3 टनच आले आणि 5 टन ओढ्याचे ढासळते काठ, घळी आणि रस्त्यांच्या कडा यांनी दिले. दोन्हीत तलावाचा आकडा तोच. उपाय पूर्ण वेगळे. पहिल्या ठिकाणी बांधबंदिस्ती, आच्छादन, उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा सरी (रुंद वरंब्यावर पीक, मधल्या सरीतून जादा पाणी) यांवर पैसा लावायला हवा. दुसऱ्या ठिकाणी शेतावर कितीही बांध घातले तरी तलाव भरतच राहणार. तिथं घळींवर अनगड दगडांचे बांध हवेत, काठावर गवत आणि झाडोरा हवा, गुरांच्या वाटा बदलायला हव्यात. आणि नाला खोलीकरणात काढलेली माती काठावर ढीग मारून ठेवायची पद्धत आधी बंद करायला हवी, कारण पहिल्या मोठ्या पावसात ती परत नाल्यातच येते.

या दोन शक्यता वेगळ्या ओळखण्याची साधनं आहेत. गावचा माणूस रंगावरून बरंच सांगतो. आमच्या तलावातली ती तांबूस पट्टी शेतातली नव्हती, वरच्या अंगाला त्या रंगाचं एकही शेत नाही. ती वाडीच्या रस्त्यासाठी टेकडी फोडली तिथल्या मुरमाची असणार. शास्त्राकडं याहून नेमकी खूण आहे. 1950 आणि 60 च्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्यांतून उडालेलं सीझियम-137 पावसाबरोबर जगभर जमिनीवर उतरलं आणि वरच्या थरातल्या चिकणमातीला घट्ट चिकटून राहिलं. शेताच्या वरच्या मातीत ते असतं, घळीच्या खोल काठात जवळजवळ नसतं. गाळात ते किती सापडतं यावरून माती वरच्या थरातली की काठातली, हे कळतं. त्याचं अर्धायुष्य तीस वर्षांचं आहे, म्हणजे त्या काळात पडलेल्यातलं आज पाव भागाच्या आसपास उरलंय. दर वर्षी ते कमी होणार. ही खूण वापरायची असेल तर उशीर परवडणारा नाही.

“नकाशे आहेत ना, उपग्रह आहेत ना,” असं मला हमखास ऐकवलं जातं. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं काम मोलाचं आहे, त्या नकाशांशिवाय आम्ही आंधळे असतो. पण राज्याचा मातीचा नकाशा 1:2,50,000 प्रमाणावरचा असेल तर त्यात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. उताराची माहिती तीस मीटरच्या चौकटींची असेल तर एक मीटर रुंदीचा बांध तिला दिसत नाही, आणि आमचं सगळं काम त्या एक मीटरच्या बांधाचंच असतं. नकाशा कुठं धोका जास्त आहे हे सांगतो, तेवढं त्याच्याकडून घ्यावं. अमुक गावात हेक्टरी 22 टन धूप होते असं तो सांगू लागला की त्या गावातला तलाव मोजून ताळा करावा. हा ताळा करण्याची सक्ती आज कुठंच नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा आहे आणि तो मला जास्त टोचतो. उन्हाळ्यातले जेमतेम दीड-दोन महिने हातात असतात. तलाव आटल्याशिवाय यंत्र उतरत नाही आणि मृगाचा पाऊस आला की चिखल होतो. त्यात तुमची मोजणी कुठं घुसवता? मान्य. म्हणूनच मोजणी हे वेगळं प्रकरण करू नये. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 साली आली, 2023 मध्ये नव्यानं सुरू झाली आणि आता ती कायमची झाल्यासारखी आहे. कुठल्या तलावातला गाळ यंदा काढायचा याची यादी उन्हाळ्याच्या आधी करता येते. मग यादीतल्या तलावांच्या मूळ आराखड्यांचा शोध डिसेंबरपासून घ्यायला काय हरकत आहे? तळ उघडा पडला की यंत्राच्या आधी दोन दिवस सर्वेअर जाईल. किती घनमीटर काढला हे नोंदवायचंच असतं, त्याच नोंदीत पाणलोट क्षेत्र, बांधकामाचं साल, आधी कधी गाळ काढला होता का, आणि गाळाची घनता, एवढे चार रकाने वाढवायचे. आणि प्रत्येक तलावात दहा फूट रुंदीची एक पट्टी, भरावापासून शेपटापर्यंत, म्हणजे पाणी आत येतं त्या टोकापर्यंत, न काढता सोडायची. पुढं कुणी अभ्यास करायला आला तर त्याला काहीतरी शिल्लक मिळेल. तालुक्यात निदान दोन तलाव असे असावेत की जे दर पाच वर्षांनी परत मोजले जातील, आणि त्यांच्याच पाणलोटात कृषी विद्यापीठानं शेतकऱ्यांच्या रानात वाफे घालावेत. वाफा, शेत, ओढा, तलाव, एकाच पाण्याच्या वाटेवर. हैदराबादजवळ पटांचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं 1976 पासून काळ्या जमिनीची छोटी पाणलोटं शेजारी-शेजारी ठेवून दशकानुदशकं मोजली, म्हणून रुंद वरंबा सरीच्या पद्धतीत माती किती कमी जाते हे आज खात्रीनं सांगता येतं. त्यांचं क्षेत्र काही हेक्टरांचंच होतं. आपल्याला तेच गावाच्या मापानं करायचं आहे.

मोजणीत आणखी एक गोष्ट दडली आहे आणि तिच्याबद्दल बोलायला सगळे कचरतात. वाहून जाते ती माती निवडक असते. बारीक कण आणि सेंद्रिय भाग आधी सुटतो, रेती-खडे मागे राहतात. म्हणून तलावातला गाळ मूळ रानापेक्षा कसदार असतो आणि म्हणून त्याला मागणी आहे. हा कस कुणाचा होता? वरच्या अंगाला, माळालगतच्या हलक्या जमिनी कसणाऱ्यांचा. आमच्या शिवारात तरी ते सगळे दोन-तीन एकरवाले आहेत. आणि गाळ कुणाच्या रानात गेला? ज्याचा ट्रॅक्टर आहे, ज्याचं रान तलावाला लागून आहे, ज्याला पंधरा दिवस भाडं परवडतं, त्याच्या. योजनेत लहान शेतकऱ्याला अनुदानाची तरतूद झाली हे चांगलंच झालं. पण चढावरच्या रानापर्यंत गाळ परत नेण्याचं अंतर आणि भाडं तेच राहतं. गाळ कुठून आला याची नोंद असती तर वरच्या शेतकऱ्याला ग्रामसभेत उभं राहून म्हणता आलं असतं की यातला एवढा वाटा आमच्या रानाचा आहे, आधी तो आम्हाला वर नेऊन द्या. आज त्याच्याकडं दाखवायला काही नाही. मोजणी शास्त्रज्ञांच्या हौसेसाठी हवी असं ज्यांना वाटतं त्यांनी हा माणूस डोळ्यांसमोर आणावा.

1942 साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि त्याच्या आधारानं पुढं लाखो हेक्टरांवर बांध पडले. हलक्या आणि मध्यम जमिनीत ते टिकले. भारी काळ्या जमिनीत समपातळीतल्या बांधामागं पाणी तुंबलं, पिकं पिवळी पडली, बांध फुटले आणि फुटलेल्या जागी नव्या ओघळी तयार झाल्या. शेतकऱ्यांनी कित्येक ठिकाणी ते बांध नांगरून टाकले. मग ढाळीच्या, म्हणजे किंचित उतार देऊन पाणी बाहेर काढणाऱ्या बांधांची शिफारस आली. हा धडा शिकायला किती वर्षं गेली! गावाच्या पातळीवर मोजणी चालू असती तर तलावातल्या गाळानं तो फार आधी शिकवला असता. आज आपण नाला खोलीकरणावर, शेततळ्यांवर, सिमेंट बंधाऱ्यांवर तेवढाच विश्वास टाकून तेवढाच पैसा लावतो आहोत.

आमच्या तलावाचं जे जायचं ते गेलं. मागच्या बाजूला, शेपटाकडं, एका कोपऱ्यात पोकलेनला वळता आलं नाही म्हणून पाच-सहा फुटांचा एक तुकडा उभा राहिला होता. पावसाआधी तो मी मोजला, फोटो काढले, थरांची उंची वहीत उतरवली. तात्यांनी प्रत्येक जाड पट्टीपुढं आठवेल ते साल सांगितलं. काही सालं जुळतात, काही जुळत नाहीत, पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ती ताडून बघायची आहेत. येत्या उन्हाळ्यात शेजारच्या गावचा तलाव उपसायचा आहे. तिथल्या सरपंचांशी बोलणं झालंय. यंत्र उतरण्याआधी दोन दिवस मिळणार आहेत आणि मधोमध दहा फुटांची पट्टी सोडायचं त्यांनी कबूल केलंय. मूळ नकाशा अजून मिळालेला नाही, त्यासाठी दोनदा खेटे घालून झाले, तिसऱ्यांदा सोमवारी जाणार आहे. तात्यांना मोटरसायकलवर घेऊन जायचं ठरलंय. त्या तलावाच्या भरावावरही त्यांनी पाट्या टाकल्या होत्या.